जग अनादी की निर्मिलेले? मायमॉनिडीझने दिलेल्या एका निकालाचा अभ्यास

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात योसेफ बेन यहूदा नावाचा एक ज्यू तरुण माघरिबहून इजिप्तमधल्या फुस्तातला शिकायला आला. त्याचा गुरू मोशे बेन मायमून. युरोप त्याला मायमॉनिडीझ म्हणतो. शिक्षण क्रमाने चालले होते: आधी गणित आणि खगोल, मग तर्कशास्त्र. तर्क हाती आल्यावर योसेफला थेट वरच्या मजल्यावर जायचे होते. प्रेषितांच्या ग्रंथांतली गुपिते त्याला हवी होती, आणि इस्लामी ‘कलाम’ पंथाचे लोक ज्यांना सिद्धता म्हणतात त्या खरोखरच सिद्धता आहेत का, हेही. गुरू म्हणत होता, घाई नको. तेवढ्यात योसेफ अलेप्पोला निघून गेला आणि शिकवणी अर्धवट राहिली. उरलेले उत्तर गुरूने प्रकरणे लिहून टप्प्याटप्प्याने पाठवले आणि साधारण ११९० पर्यंत ‘दलालत अल-हाइरीन’ हा ग्रंथ तयार झाला. भाषा अरबी, लिपी हिब्रू, तीन भाग, १७८ प्रकरणे. ‘हाइर’ म्हणजे गोंधळून थबकलेला. त्याला वाट दाखवणारा तो हा ग्रंथ.

हा थबकलेला माणूस नास्तिक नाही, अडाणीही नाही. तो तोरा, म्हणजे मोशेच्या नावाचा ज्यू धर्मग्रंथ, पाळतो आणि ॲरिस्टॉटलही शिकला आहे. तोरातल्या शब्दांचा वाच्यार्थ घ्यावा तर बुद्धी गहाण ठेवावी लागते, आणि बुद्धीच्या मागे जावे तर आपण धर्म सोडला असे मन खाते. ग्रंथात अशा गाठी पुष्कळ आहेत. त्यांतली सर्वांत घट्ट गाठ इथे घेतली आहे, ती म्हणजे जगाला आरंभ आहे की नाही. दुसऱ्या भागातली १३ ते २५ ही प्रकरणे मुख्यतः तिच्यासाठीच आहेत.

मुद्दा का अडतो ते आधी पाहू. ॲरिस्टॉटलच्या मते जग अनादी आहे. आकाशाचे गोल नेहमीच फिरत आले आहेत आणि फिरत राहतील. ईश्वर आहे, तो आदिकारण आहे, पण सूर्यापासून जसा प्रकाश तसे त्याच्यापासून जग अपरिहार्यपणे येते. ‘आता करू या’ असे त्याने ठरवलेले नाही, कारण न करण्याची सोयच नव्हती. या चित्राचा अर्थ मायमॉनिडीझने एका वाक्यात दाखवला आहे: असे असेल तर ईश्वराला माशीचा पंख लांबवावा किंवा अळीचा पाय आखूड करावा असे वाटले तरी ते जमणार नाही. ॲरिस्टॉटल अर्थातच म्हणेल की त्याला तसे वाटणारच नाही. माशीचा पंखही हलत नसेल, तर समुद्र दुभंगणे, सिनाई पर्वतावर आज्ञा मिळणे, अमक्याला प्रेषित म्हणून निवडणे, यांपैकी कशालाच जागा उरत नाही.

या दुखण्यावर औषध आधीपासून होते. दहाव्या शतकात बगदादमध्ये सादिया गाओन या ज्यू धर्मपंडिताने (८८२–९४२) कलामच्या पद्धतीने जगाचा आरंभ सिद्ध केला होता. ९३३ साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात चार युक्तिवाद आहेत. पहिला असा: आकाश आणि पृथ्वी आकाराने मर्यादित आहेत, मर्यादित वस्तूतली शक्ती मर्यादित असते, म्हणून ती अनंत काळ टिकणार नाही, म्हणून तिला आरंभ असला पाहिजे. पुढची पायरी सोपी: आरंभ आहे म्हणजे आरंभ करणाराही आहे. ईश्वर सिद्ध.

मायमॉनिडीझला हा रस्ता नापसंत होता, आणि त्याची कारणे तो अगदी व्यावहारिक देतो. जगाच्या आरंभाचा प्रश्न मुळात वादग्रस्त. त्यावर ईश्वराचे अस्तित्व उभे करायचे म्हणजे पक्के घर कच्च्या पायावर बांधणे. उद्या कोणी आरंभाचा युक्तिवाद मोडला की ईश्वरही गेला. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. आरंभ सिद्ध करण्यासाठी कलामवाल्यांनी निसर्गाचे नियमच मोडीत काढले. त्यांच्या मते सगळे अणूंचे बनले आहे, काळसुद्धा क्षणाणूंचा, आणि कोणताही गुण दोन क्षण टिकत नाही. ईश्वर तो प्रत्येक क्षणी नव्याने निर्माण करतो. (वैशेषिकांचे परमाणू आठवणाऱ्या वाचकाने इथे सावध राहावे. वैशेषिकांचा परमाणू नित्य आहे. कलामच्या अणूला स्वतःच्या बळावर पुढचा क्षणही गाठता येत नाही.) मायमॉनिडीझ त्यांचेच लेखणीचे उदाहरण देतो. माणूस लेखणी हलवतो तेव्हा ईश्वर चार वेगवेगळे गुण निर्माण करतो: हलवण्याची इच्छा, हलवण्याची क्षमता, हाताची हालचाल आणि लेखणीची हालचाल. या चारांपैकी एकही दुसऱ्याचे कारण नाही, ते फक्त एकत्र घडतात. तर्कशास्त्र शिकून आलेल्या योसेफला हे सांगून काय उपयोग? कार्यकारणभावच काढून घेतला तर कोणतीच सिद्धता उरत नाही, ईश्वराचीही नाही.

मग त्याने काय केले? पहिली चाल अशी की वाद बाजूला ठेवला आणि प्रतिपक्षाचा दावा तात्पुरता मान्य केला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो ॲरिस्टॉटलच्या परंपरेतली २५ गृहीतके मांडतो आणि म्हणतो, ही निर्विवाद आहेत. सव्विसावे गृहीतक ‘काळ आणि गती अनादी आहेत’ हे. ते सिद्ध नाही, पण चर्चेपुरते धरून चालू. आता आकडेमोड करा. आकाशगोल अनंत काळ फिरत आला आहे. गोल हा मर्यादित पिंड आहे आणि मर्यादित पिंडात राहणारी शक्तीही मर्यादितच, ती अनंत गती देऊ शकत नाही. म्हणजे फिरवणारा पिंडाच्या बाहेरचा, अशरीरी, अविभाज्य असला पाहिजे. ईश्वर सिद्ध. गंमत अशी की सादियाने ज्या आयुधाने आरंभ सिद्ध केला, त्याच आयुधाने इथे अनादी गती धरून ईश्वर सिद्ध झाला. दुसरी शाखा तर सोपीच: जग निर्माण झाले असेल तर निर्माता आहे, त्यासाठी वेगळी सिद्धता नको. दोन्ही फांद्यांवर फळ एकच लागते. त्यामुळे पुढच्या वादाचा निकाल काहीही लागला तरी ईश्वर पणाला लागत नाही.

आमच्या मते संपूर्ण बांधकामातली सर्वांत भक्कम जागा हीच आहे. तिची किंमत मात्र पुढे मोजावी लागली, ते शेवटी येईलच.

तेराव्या प्रकरणात तीन पक्ष मांडले आहेत. तोराचा पक्ष: ईश्वराने सर्व काही, काळासकट, पूर्ण अभावातून निर्माण केले. प्लेटोचा पक्ष: जगाला आरंभ आहे, पण ते आधीपासून असलेल्या द्रव्यातून घडवले गेले, कुंभार मातीतून घडवतो तसे. तिसरा ॲरिस्टॉटलचा. प्लेटोच्या पक्षाला तो फार जागा देत नाही, पण त्यावर खूण करून ठेवा.

त्यानंतर ॲरिस्टॉटलचा पूर्वपक्ष येतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला आहे. गतीला आरंभ असेल तर तो आरंभ घडवायला आधी काहीतरी हलले पाहिजे. मग त्या हलण्याचा आरंभ कोठे? हे थांबत नाही. दुसरे: जग नव्हते तेव्हा त्याचे असणे ‘शक्य’ होते ना? शक्यतेला आधार लागतो. काहीच नव्हते तर ती शक्यता कशात होती? तिसरा वार ईश्वरावरच आहे: आधी निर्मिती केली नाही, मग केली, तर मध्ये काय बदलले? अडथळा दूर झाला, की मत पालटले? दोन्ही ईश्वराला न शोभणारे.

पहिल्या दोन वारांना उत्तर म्हणून सतराव्या प्रकरणात तो ग्रंथातला सर्वांत जिवंत दाखला देतो. एका मुलाची आई त्याला काही महिने पाजून वारली. त्याला एका निर्जन बेटावर फक्त पुरुषांनी वाढवले. तो बुद्धिमान झाला, शिकला, पण त्याने कधी स्त्री पाहिली नाही, कोणत्याही प्राण्याची मादीही पाहिली नाही. एके दिवशी तो विचारतो, आपण अस्तित्वात कसे आलो? उत्तर मिळते की आपल्यासारख्याच पण वेगळ्या ठेवणीच्या एका माणसाच्या पोटात आपण होतो. तिथे जिवंत होतो, हलत होतो, वाढत होतो, आणि पुरेसे मोठे झाल्यावर शरीराच्या खालच्या भागात एक दार उघडले आणि बाहेर आलो. मुलगा विचारतो, तिथे आपण नाकातोंडाने श्वास घेत होतो का? खात-पीत होतो का? मलविसर्जन करत होतो का? नाही. मग मुलगा हसून सिद्धता मांडतो: आपल्यापैकी कोणाचाही श्वास थोडा वेळ कोंडला तर तो मरतो, मग जाड पिशवीत महिनोन्महिने कोणी कसा जगेल? कोणी चिमणी गिळली तर ती पोटात जाताच मरेल. खाण्याशिवाय, डोळे मिटून, हातपाय दुमडून? अशक्य.

त्याचा प्रत्येक युक्तिवाद पूर्ण वाढलेल्या माणसाबद्दल खरा आहे. चूक एवढीच की पूर्ण झालेल्या वस्तूचे नियम तो ती वस्तू होत असतानाच्या अवस्थेला लावतो. ॲरिस्टॉटल नेमके हेच करतो, असे मायमॉनिडीझचे म्हणणे. गतीपूर्वी गती लागते, शक्यतेला आधार लागतो, हे जग स्थिरावल्यानंतरचे कायदे आहेत. ते खरेच आहेत. पण त्यांवरून जगाच्या उत्पत्तीबद्दल काही ठरत नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर व्याप्ती पाहिली ती सगळी बेटावर, आणि अनुमान काढले ते बेटाबाहेरचे.

तिसऱ्या वाराचे उत्तर वेगळे आहे. हवे आणि नको, दोन्ही शक्य असणे हेच इच्छेचे स्वरूप. माणूस घर बांधायचे थांबवतो तेव्हा पैसा नसतो किंवा पाऊस असतो. बाहेरचे कारण बदलते म्हणून तो बदलतो. ज्याच्या इच्छेला बाहेरचे काही रोखत किंवा ढकलत नाही, त्याने एकदा निर्माण केले नाही आणि एकदा केले, यात त्याचा स्वभाव पालटला असे होत नाही. बेटाच्या उत्तराइतके हे उत्तर समाधान करत नाही, हे नोंदवून पुढे जाऊ.

एवढ्याने काय हाती आले, हे मोजून घेतले पाहिजे. जग निर्माण झाले असे सिद्ध झालेले नाही. ‘निर्मिती अशक्य आहे’ हे सिद्ध होत नाही, इतकेच झाले. मायमॉनिडीझ हे स्वतः सांगतो आणि पुढे जाऊन म्हणतो की ॲरिस्टॉटललाही आपल्याकडे सिद्धता नाही हे ठाऊक होते. पुरावा म्हणून तो ॲरिस्टॉटलच्याच तर्कग्रंथातला उल्लेख देतो, जिथे ‘जग अनादी आहे की नाही’ हा प्रश्न, दोन्ही बाजूंनी निर्णायक युक्तिवाद नसलेल्या प्रश्नांचे उदाहरण म्हणून आला आहे. मुस्लिम तत्त्वज्ञ अल-फाराबीचे मत असे नव्हते. या प्रश्नात सिद्धता नाही असे म्हटल्याबद्दल त्याने ग्रीक वैद्य गेलनची खिल्ली उडवली होती. ही माहितीही मायमॉनिडीझ लपवत नाही.

मग पारडे कशाने झुकवायचे? इथे तो आकाशाकडे पाहायला सांगतो. सगळ्या गोलांचे द्रव्य एकच, कारण सगळे वर्तुळाकार फिरतात. मग प्रत्येकाची दिशा आणि वेग वेगळा का? वेग वरून खाली क्रमाने वाढत किंवा घटत असता तर त्यामागे नियम आहे असे म्हणता आले असते, पण कुठे जलद गोल वर आहे, कुठे संथ. आकाशाच्या एका भागात ताऱ्यांची दाटी, दुसऱ्यात मोकळी जागा. चंद्राखालच्या जगात ॲरिस्टॉटल प्रत्येक गोष्टीचे कारण देतो आणि ती कारणे जुळतात. वर गेल्यावर मात्र कारणे तुटपुंजी पडतात. अपरिहार्यतेतून असा विस्कळीतपणा येत नाही; निवड करणारा असेल तर येतो. हा युक्तिवाद कलाममधूनच घेतला आहे, फक्त निसर्गनियम न मोडता.

चोविसाव्या प्रकरणात तर तो ग्रीकांच्या घरातलेच भांडण उघड करतो. टॉलेमीचे गणित ग्रहाला मोठ्या वर्तुळाच्या परिघावरच्या छोट्या वर्तुळात फिरवते किंवा पृथ्वी जिच्या केंद्रस्थानी नाही अशा वर्तुळात. ॲरिस्टॉटलचे भौतिकशास्त्र सांगते की नैसर्गिक गती तीनच: केंद्राकडे, केंद्रापासून दूर आणि केंद्राभोवती, आणि केंद्र म्हणजे पृथ्वी. टॉलेमीप्रमाणे सूर्याच्या वर्तुळाचे केंद्र काढले तर ते चंद्राच्या गोलाच्याही बाहेर पडते. एक खरे तर दुसरे खोटे. पण टॉलेमीच्या गणिताने ग्रहणाची वेळ बिनचूक निघते! ‘खरा गोंधळ हाच’, असे मायमॉनिडीझ म्हणतो. ज्यांना आकाशाची रचनाही नक्की सांगता येत नाही त्यांच्याकडून आकाशाच्या आरंभाचा निकाल कसा घ्यायचा? त्याच दमात तो लिहितो की मला अंधुक राहिले त्याची सिद्धता कदाचित दुसऱ्या कोणाला सापडेल.

आता पंचविसावे प्रकरण. संपूर्ण निकालपत्र या दोन-तीन पानांत आहे. तोराच्या पहिल्याच वाक्यात निर्मिती सांगितली आहे म्हणून आपण अनादित्व नाकारतो का? नाही, असे तो स्पष्ट सांगतो. ईश्वराला हात, डोळे, सिंहासन आहे असे सांगणारी वाक्ये निर्मितीच्या वाक्यांपेक्षा कमी नाहीत, आणि त्या सगळ्यांचा आपण लक्षणार्थ घेतोच, कारण ईश्वर अशरीरी असल्याची सिद्धता आहे. लक्षणेची दारे इथेही बंद नाहीत. इथे लक्षणा तर आणखी सोपी गेली असती. (तसा त्या वाक्याचा शब्दही तितका निर्णायक नव्हताच. ‘बारा’ या हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘अभावातून निर्माण केले’ असाच होतो, हे तोराचा भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा याने बाराव्या शतकातच नाकारले होते.) मग नकार कशासाठी? कारणे दोन. एक, अनादित्व सिद्ध झालेले नाही, आणि सिद्ध न झालेल्या मतासाठी वाच्यार्थ सोडायचे कारण नाही. दोन, ॲरिस्टॉटलच्या अर्थाने अनादित्व मानले तर चमत्कार, प्रेषित, पाप-पुण्याचे फळ, सगळेच कोसळते.

प्लेटोचे मत मात्र तोराला बाधत नाही. त्यात ईश्वराची इच्छा शाबूत राहते, आणि त्या मताशी जुळणारे अर्थही लावता येतील. पण तेही सिद्ध नाही, म्हणून इकडेही वाच्यार्थच. शेवटी येते ते वाक्य कोणत्याही धर्मरक्षकाने लिहायला धजू नये असे आहे: अनादित्वाची ॲरिस्टॉटलच्या अर्थाने खरोखर सिद्धता मिळाली तर तोरा समूळ कोसळेल आणि वेगळी मते धरावी लागतील.

सांधा कुठे ढिला आहे ते इथे दिसते. ईश्वराच्या शरीराबाबत नियम होता, सिद्धता असेल तिथे वाच्यार्थ माघार घेतो. तोच नियम सरसकट लावला तर पहिले कारण एकटे पुरे. उद्या अनादित्व सिद्ध झाले तर लक्षणा करू. पण दुसरे कारण सांगते की तिथे लक्षणेला काही वाचवताच येणार नाही. म्हणजे समन्वयाचा नियम एका टोकाला चालत नाही, आणि नेमके त्याच टोकावर धर्म उभा आहे. मायमॉनिडीझचा समन्वय दोन मतांचा मिलाफ नाही. काय सिद्ध आहे आणि काय नाही याची त्याने हद्द आखली आणि धर्म त्या हद्दीच्या सुरक्षित बाजूला ठेवला. हद्द सरकली तर काय, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते, आणि ते नाही हे त्याने लिहून ठेवले. ज्यू कवी आणि विचारवंत यहूदा हालेवी साधारण अर्धशतक आधी याच प्रश्नाबद्दल जास्त निवांत होता. धार्मिक माणसाला अनादी द्रव्य आणि या जगाआधीची अनेक जगे मानावी लागली तरी त्याच्या श्रद्धेला धक्का लागत नाही, असे तो लिहून गेला.

पुढे काय बिघडले? शमुएल इब्न तिब्बोनने ग्रंथाचे हिब्रू भाषांतर १२०४ मध्ये, म्हणजे मायमॉनिडीझच्या मृत्यूच्या वर्षीच, पूर्ण केले आणि तो अरबी न जाणणाऱ्या दक्षिण फ्रान्सच्या ज्यूंच्या हाती गेला. तिथले वाचक योसेफसारखे गणित-तर्काच्या पायऱ्या चढून आलेले नव्हते. त्यांनी लक्षणा उचलली, तिची अट सोडली. अब्राहम आणि सारा म्हणजे आकार आणि द्रव्य, असे अर्थ प्रवचनांत सांगितले जात असल्याच्या तक्रारी झाल्या. अब्राहम जगला नाही अशी सिद्धता कोणाकडेच नव्हती, म्हणजे मायमॉनिडीझच्याच नियमाने ही लक्षणा बेकायदा होती. २६ जुलै १३०५ रोजी बार्सिलोनात रब्बी श्लोमो बेन अद्रेतने बहिष्कार पुकारला: २५ वर्षांखालच्या कोणीही ग्रीकांचे निसर्गविज्ञानाचे आणि तत्त्वमीमांसेचे ग्रंथ वाचू नयेत, मुदत ५० वर्षे. वैद्यक वगळले होते. मायमॉनिडीझचे ग्रंथही बंदीत नव्हते. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर काढले आणि वाद अर्ध्यावर राहिला.

तत्त्वज्ञांनी वेगळ्या बाजू धरल्या. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने ‘रब्बी मोझेस’, म्हणजे मायमॉनिडीझ, वाचला होता. जगाचा कालिक आरंभ सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही, ही भूमिका त्यानेही घेतली. ज्यू तत्त्वज्ञ गेर्सोनिडीझ (१२८८–१३४४) हा स्वतः वेध घेणारा खगोलज्ञ. त्याने १३२९ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात आरंभाची सिद्धता देता येते असा दावा केला, आणि मायमॉनिडीझने दार किलकिले ठेवलेला प्लेटोचा पक्ष स्वीकारला: जग आकारहीन आदिद्रव्यातून झाले. आणखी एक ज्यू तत्त्वज्ञ हसदाई क्रेस्कसने १४१० मध्ये मायमॉनिडीझच्या २५ गृहीतकांवरच हल्ला चढवला. शिवाय ईश्वराची इच्छा अनादी काळापासून निर्मिती करत आली आहे असे मानले तरी धर्म कोसळत नाही, असे म्हणून त्याने दुसऱ्या कारणातली हवाच काढून घेतली.

आणि पहिल्या चालीची किंमत. मायमॉनिडीझच्या चौदा खंडांच्या धर्मशास्त्रसंहितेत पहिल्याच अध्यायात ईश्वराची सिद्धता येते: गोल सदैव फिरतो, आणि फिरवणाऱ्याशिवाय फिरणे शक्य नाही. ‘सदैव’ शब्द तिथे कोणत्याही अटीविना आहे. सव्विसावे गृहीतक तात्पुरते धरले आहे ही पुस्ती ‘दलालत’मध्ये आहे, संहितेत नाही. त्यात ‘दलालत’च्या प्रस्तावनेत त्याने ग्रंथांत विसंगती का येतात याची सात कारणे दिली आहेत, सातवे म्हणजे गहन विषयात सामान्य वाचकापासून मुद्दाम केलेली लपवाछपवी. पुढे बत्तिसाव्या प्रकरणात तो म्हणतो की प्रेषितत्वाबद्दलची मते जगाच्या आरंभाबद्दलच्या मतांसारखीच तीन आहेत, पण कोणाशी कोणते जुळते ते सांगत नाही. एवढे धागे पुरेसे होते. मायमॉनिडीझ मनातून ॲरिस्टॉटलचाच, असे वाचणारे चौदाव्या शतकात होते, आजही आहेत.

असे वाचले जाईल याचा अंदाज त्याला आला असावा. तेरा श्रद्धासूत्रे त्याने तिशीच्या आसपास, मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहावरच्या भाष्यात लिहिली होती. त्यांतले चौथे ईश्वराच्या अनादित्वाचे आहे. स्वतःच्या हस्तलिखितात या सूत्राजवळ त्याने नंतर एक भर घातली: जग निर्मिलेले आहे हा मोशेच्या तोराचा मोठा पाया आहे, आणि तत्त्वज्ञांच्या अनादित्वाभोवती मी घुटमळताना दिसतो तो एवढ्यासाठीच की ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता निरपवाद व्हावी, ‘दलालत’मध्ये मी ते स्पष्ट केले आहे. सातवे कारण वाचून आलेल्याला मात्र ही पुस्तीही लपवाछपवीचाच भाग वाटते.